अद्भुताचे पहिले दार

पेण आणि रोहा या तालुक्यांत आपली कॅथलिक कुटुंबे विखुरलेली आहेत. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, धाटावची औद्योगिक वसाहत यांच्या निमित्ताने कोणी वसईहून, कोणी गोव्याहून, कोणी मंगळूरहून येथे आले आणि येथलेच झाले. त्यांची मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकतात आणि वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षापासून जाडजूड इंग्रजी अद्भुतकथा वाचू लागतात. मराठी शाळेत जाणारी मुले त्याच कथा अनुवादातून किंवा चित्रपटांतून गाठतात. आईबापांनी मात्र या पुस्तकांची मुखपृष्ठेच तेवढी पाहिलेली असतात. त्यांवर चेटकीण दिसते, छडी दिसते, सर्प दिसतो. आणि मग रविवारच्या मिस्सेनंतर धर्मगुरूपुढे प्रश्न येतो: ‘फादर, ही जादूची पुस्तके मुलांना वाचू द्यावीत काय?’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर भागवण्याजोगाही नाही. त्याचे उत्तर द्यायचे तर पुस्तके उघडून वाचली पाहिजेत. सगळ्या मालिका वाचून काढणे संसारी माणसाला शक्य नाही. एकेका मालिकेत पाच-सात खंड असतात. परंतु प्रत्येक मालिकेचे पहिले पुस्तक वाचणे कोणालाही शक्य आहे, आणि माझे म्हणणे असे आहे की तेवढे बहुधा पुरेसे असते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत कसबी कारागिराची खरी ओळख डोळ्यांच्या आखणीत पटते. मूर्ती कितीही सुबक असली, तरी ती आपल्याकडे कशी पाहणार हे त्या दोन रेषांत ठरते. मालिकेच्या पहिल्या पुस्तकाचेही तसेच आहे. पुढच्या खंडांत युद्धे होतील, राज्ये बुडतील. पण लेखक बालवाचकाकडे कोणत्या नजरेने पाहतो आणि त्याला जगाकडे कसे पाहायला शिकवतो, हे पहिल्या पुस्तकातच निश्चित झालेले असते.

‘पहिले पुस्तक’ म्हणजे कोणते, हेही सरळ नाही, याचा आरंभीच उल्लेख केला पाहिजे. सी. एस. लुइस यांच्या नार्नियाकथांपैकी ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ हे पुस्तक १९५० साली आधी प्रसिद्ध झाले. नार्नियाच्या उत्पत्तीची कथा सांगणारे ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ हे पाच वर्षांनी, १९५५ साली आले. १९९४ नंतरच्या आवृत्त्यांत मात्र उत्पत्तीच्या पुस्तकाला पहिला क्रमांक देण्यात आला. बायबलच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. उत्पत्तीचे पुस्तक आपण प्रथम वाचतो. परंतु निर्मितीचा पहिला अध्याय लिहिला जाण्याआधी इस्राएल लोकांनी मिसर देशातून झालेल्या सुटकेचा अनुभव घेतलेला होता, असे अभ्यासक मानतात. तारणाचा अनुभव आधी आणि आरंभाची कथा नंतर, हा क्रम श्रद्धेला परिचित आहे. म्हणून मुलाने कपाटातून नार्नियात शिरावे, लेखकाने आखलेल्या कालानुक्रमाने नव्हे, असे मला वाटते. ल्यूसीबरोबर आपणही कोटांमागचे बर्फ प्रथम पायाखाली अनुभवले पाहिजे. ते बर्फ कोठून आले याचा इतिहास मागाहून कळला तरी चालतो.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या बाबतीत तर ‘मालिका’ हा शब्दच सैलपणे वापरला जातो. त्यांनी एकच दीर्घ कथा लिहिली. महायुद्धोत्तर काळातील कागदाची महागाई आणि प्रकाशकाचा धोका लक्षात घेऊन ती तीन खंडांत विभागण्यात आली. त्यांपैकी ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ हा पहिला खंड जुलै १९५४ मध्ये आला. ती कथा मुळात मुलांसाठी लिहिलेली नाही. परंतु पौगंडावस्थेतील वाचकांनी ती आपलीशी केली आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक अद्भुतकथाकाराने तिच्याशी हिशेब मांडला. मराठीत ती मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने आणली आहे.

आता मूळ शंकेकडे वळू. ‘जादू’ हा शब्द इंग्लंडात आणि रायगड जिल्ह्यात सारखाच उच्चारला गेला, तरी त्याचे वजन सारखे नाही. इंग्लंडात १७३५ सालच्या कायद्याने चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले भरणे बंद झाले आणि अंगी तशी शक्ती असल्याचे सोंग करणे हाच गुन्हा ठरला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाल्यानंतर. दोन कायद्यांत पावणेतीनशे वर्षांचे अंतर आहे. ज्या समाजातून चेटकाची भीती उतरून गेली, त्या समाजात चेटकीण ही खेळण्यातली बाहुली होऊ शकते. आपल्याकडे अजूनही ताप उतरेना की भगताकडे धाव घेतली जाते, म्हैस आटली की ‘करणी’चा संशय येतो, आणि तो संशय बहुधा एखाद्या एकट्या पडलेल्या बाईवर जाऊन बसतो. तेव्हा आईबापांच्या मनातील धास्ती अडाणीपणाची आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘जादू’ म्हणताच त्यांना जे आठवते, ते लुइस किंवा रोलिंग यांच्या वाचकांना आठवत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही या बाबतीत निःसंदिग्ध आहे. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात मंत्रतंत्र व शकुनविद्या निषिद्ध सांगितली आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ‘कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ’ सांगतो की गूढ शक्तींना आपल्या सेवेला जुंपणे आणि दुसऱ्यावर अलौकिक सत्ता गाजवू पाहणे हे देवभक्तीच्या विरुद्ध आहे, मग हेतू रोग बरा करण्याचा का असेना. या वचनातील नेमकी निंदा कशाची आहे, हे नीट पाहिले पाहिजे. निंदा आहे ती शक्तीला जुंपण्याची आणि सत्ता गाजवण्याची. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस नगरातील लोकांनी पन्नास हजार चांदीच्या नाण्यांच्या किमतीची पुस्तके जाळली, हा प्रसंग अशा चर्चेत नेहमी पुढे केला जातो. परंतु ती पुस्तके मंत्रविद्येच्या प्रयोगांची होती, कथांची नव्हती. आणि ती त्यांच्या मालकांनीच, आपल्या पूर्वीच्या कृत्यांची कबुली देऊन, स्वतःच्या हाताने जाळली. दुसऱ्याच्या मुलाच्या हातातील गोष्टीचे पुस्तक हिसकावून घेण्यास त्या प्रसंगाचा आधार मिळत नाही.

म्हणून ‘जादू आहे की नाही’ हा प्रश्न बाजूला ठेवून पहिल्या पुस्तकाला आपण तीन प्रश्न विचारावेत. दार कोणाला उघडते? सामर्थ्य कशासाठी वापरले जाते? आणि नायकाच्या हातून अपराध घडला, तर पुढे त्याचे काय होते?

पहिला प्रश्न आपल्या समाजात विशेष महत्त्वाचा आहे. या पुस्तकांतील बहुतेक नायक ‘निवडलेले’ असतात. पण निवड दोन प्रकारची असते. एक जन्माने ठरते, दुसरी हाकेने. रिक रिओर्डन यांच्या ‘द लाइटनिंग थीफ’ (२००५) या पुस्तकातील पर्सी जॅक्सन हा समुद्रदेव पोसायडनचा मुलगा असल्याचे निष्पन्न होते. रोशनी चोक्शी यांच्या ‘आरू शाह अँड दि एंड ऑफ टाइम’ (२०१८) मध्ये अमेरिकेतील अटलांटा शहरात वाढलेल्या बारा वर्षांच्या मुलीत एका पांडवाचा आत्मा पुन्हा अवतरलेला असतो. दोन्ही पुस्तके चतुर आहेत, विनोदी आहेत आणि त्यांत करुणाही आहे. पर्सीला अक्षरे नीट वाचता येत नाहीत, त्याचे चित्त स्थिर राहत नाही. शाळेने ज्याला दोष म्हटले, त्यालाच हे पुस्तक त्याच्या वेगळेपणाची खूण ठरवते. वर्गात मागच्या बाकावर बसवलेल्या कितीतरी मुलांना यातून धीर आला असेल. चोक्शी यांनी पांडवांचा वारसा मुलींना दिला, त्यांतही मिनीसारख्या प्रत्येक गोष्टीला भिणाऱ्या मुलीला दिला, हे धाडसाचे आहे. पुनर्जन्माची कल्पना आपल्या श्रद्धेत बसत नाही, हे आपले मूल जाणते. पर्सीच्या कथेतील ग्रीक देवांवर जसे ते विश्वास ठेवत नाही, तसेच हेही ते कथा म्हणून वाचू शकते.

माझा आक्षेप वेगळा आहे. ‘तू मुळातच थोर कुळाचा आहेस, फक्त तुला ते ठाऊक नव्हते’, हे आश्वासन ज्या देशात शतकानुशतके माणसाची किंमत जन्मावरून ठरवली गेली, त्या देशात निरुपद्रवी राहत नाही. ज्याच्या आजोबांना गावातल्या ओसरीवर चढता येत नव्हते, असा मुलगा हे पुस्तक वाचतो तेव्हा त्याने आपल्यातही कोणी देवपुत्र दडलेला आहे असे समजावे काय? आणि तसा कोणी दडलेला नसेल, तर या कथेत त्याची जागा कोठे आहे?

याच्या उलट, फ्रोडोकडे अंगठी येते ती वारशाने, परंतु काम येते ते स्वीकाराने. एल्रॉन्डच्या सभेत थोर थोर वीर गप्प बसलेले असताना तो बुटका जीव उभा राहतो, ते काम पत्करतो आणि आपल्याला वाट ठाऊक नाही असेही सांगतो. त्याच्या रक्तात काहीही विशेष नाही. आपल्या परंपरेत याला ‘पाचारण’ म्हणतात. लहान शमुवेलाला रात्री ऐकू आलेली हाक, मेंढरांमागून बोलावून आणलेला इशायाचा धाकटा मुलगा, नासरेथ गावातील कुमारिकेने दिलेला होकार, या सर्वांचे कूळ हेच. टॉल्किन कॅथलिक होते. लहानपणीच पितृछत्र हरपले, १९०४ साली आई वारली आणि पुढे बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी त्यांचा पालक म्हणून सांभाळ केला. १९५३ सालच्या डिसेंबरमध्ये त्यांनी फादर रॉबर्ट मरी या येशूसंघीय मित्राला लिहिलेल्या पत्रात आपली कथा मूलतः धार्मिक आणि कॅथलिक असल्याचे म्हटले आहे. कथेत कोठेही मंदिर नाही, उपासना जवळजवळ नाही. परंतु तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टातील कालपट उघडून पाहावा. सोबती रिव्हेन्डेलहून निघतात तो दिवस २५ डिसेंबर आहे आणि अंगठी नष्ट होते तो २५ मार्च, म्हणजे देवदूताने मरियेला संदेश दिल्याचा सण. होकाराच्या दिवशी सत्तेचा नाश होतो, हे लेखकाने न सांगता सांगितले आहे.

या दोहोंच्या मध्ये हॅरी पॉटर उभा आहे. जे. के. रोलिंग यांचे पहिले पुस्तक २६ जून १९९७ रोजी लंडनला प्रसिद्ध झाले. हॅरी तान्हेपणापासून प्रसिद्ध आहे खरा, पण ती प्रसिद्धी त्याने मिळवलेली नाही. त्याच्या आईने आपला जीव देऊन त्याला वाचवले म्हणून ती त्याच्याकडे आली. आणि कुळाचा अभिमान मिरवणाऱ्या ड्रेको मॅल्फॉयला लेखिकेने पहिल्या भेटीपासूनच उघडे पाडले आहे. ज्या घरात जादूचा गंधही नाही, त्या घरातली हर्मायनी वर्गात सर्वांत हुशार निघते. आपल्या मुलांनी हे वाचावे असे मला निश्चित वाटते.

दुसरा प्रश्न सामर्थ्याचा. याच पुस्तकाच्या मराठी अनुवादाचे नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असे आहे. ‘परीस’ हा शब्द सुंदर आहे, परंतु तो वाचकाला थोडा चकवतो. आपल्या संतवाङ्मयात परीस हे सत्संगाचे रूपक आहे. लोखंडाला तो कवटाळतो आणि सोने करतो, त्यात कृपेचा अर्थ आहे. मूळ कथेतील दगड मात्र सोने देतो आणि अमर आयुष्यही देतो, आणि ही दोन्ही दाने माणसाला कशी घातक ठरतात हे कथेचे सार आहे. अखेरीस दगड मिळतो तो हॅरीला, कारण त्याला तो फक्त शोधायचा होता, वापरायचा नव्हता; आणि शेवटी दगड नष्ट केला जातो. सामर्थ्य हाती येण्याची अट म्हणजे त्याचा लोभ नसणे, हे अकरा वर्षांच्या मुलाला समजेल अशा रीतीने सांगितले गेले आहे. करणीचा व्यवहार याच्या नेमका उलट असतो. करणी गुप्त असते, शेजाऱ्याचे वाईट चिंतते आणि तिची जबाबदारी कोणी घेत नाही. चांगल्या अद्भुतकथेतील जादूला नियम असतात, ती शिकावी लागते, तिची किंमत मोजावी लागते, आणि तिच्या जोरावर इतरांवर राज्य करू पाहणारा खलनायक ठरतो. जो मुलगा हे मनापासून वाचतो, तो भगताच्या अंगाऱ्याला भुलण्याऐवजी ‘याचा नियम काय आणि याचा लाभ कोणाला?’ असे विचारू लागेल, अशी मला आशा आहे.

तरीही या पुस्तकाचा शेवट मला खटकतो. अखेरच्या मेजवानीत गुण वाटले जातात आणि आपल्या घराला करंडक मिळतो. मित्रांना विरोध करण्याचे धैर्य दाखवल्याबद्दल भित्र्या नेव्हिलला दहा गुण मिळतात; ही कल्पना गोड आहे, आणि शत्रूपेक्षा मित्राला अडवणे कठीण असते हा त्यातला विचार मोलाचा आहे. परंतु सद्गुणाचे मोल गुणपत्रिकेत मांडताच तो सद्गुण थोडा लहान होतो. गुणांच्या मागे धावून आधीच दमलेल्या आपल्या मुलांना निदान कथेत तरी गुणांपासून सुटी हवी होती.

तिसरा प्रश्न अपराधाचा, आणि येथेच उत्तम पुस्तक व बरे पुस्तक यांतला फरक कळतो. उर्सुला ले ग्विन यांचे ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ हे पुस्तक १९६८ सालचे. म्हणजे रोलिंग यांच्या एकोणतीस वर्षे आधी त्यांनी जादूगारांची शाळा उभारली होती. नायक गेड हा गाँट बेटावरील गरीब घरचा, शेळ्या राखणारा मुलगा. त्याचा वर्ण तांबूस-सावळा आहे, आणि गावावर चालून येणारे लुटारू गोरे आहेत. इंग्रजी अद्भुतकथेत त्या काळी हे अपूर्व होते. शाळेत सहाध्यायाने डिवचले म्हणून गेड आपले सामर्थ्य दाखवायला जातो आणि मृतांच्या जगातून एक काळी छाया मोकळी करतो. ती फट बुजवताना वृद्ध गुरूंचा प्राण जातो. पुढचे सारे पुस्तक म्हणजे त्या छायेपासून पळणे, मग वळून तिचाच पाठलाग करणे, आणि शेवटी समुद्राच्या टोकाला तिला नावाने हाक मारणे. ते नाव असते त्याचे स्वतःचे. ले ग्विन ख्रिस्ती नव्हत्या. त्यांचा ओढा चिनी ताओ विचाराकडे होता. परंतु प्रायश्चित्त संस्काराची तयारी करणाऱ्या मुलांना सद्सद्विवेकाची तपासणी म्हणजे काय हे समजावण्यासाठी यापेक्षा चांगली कथा मला ठाऊक नाही. पापाला दुसऱ्याचे नाव देत राहिलो, तोवर ते आपल्या मागे लागते. त्याला आपले नाव दिले की त्याची सत्ता संपते.

आरू शाहची कथाही अशाच चुकीने सुरू होते. श्रीमंतीच्या थापा मारणारी ही मुलगी वर्गमैत्रांनी आव्हान दिले म्हणून वस्तुसंग्रहालयातील निषिद्ध दिवा लावते आणि निद्रिस्त संकट जागे करते. येथे गेडची आठवण हटकून होते. फरक असा की आरूची थाप विनोदाच्या ओघात लवकर माफ होते. गेडच्या गालावरचा व्रण कायम राहतो. क्षमा आणि विसर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही खुणा राहिल्या होत्या.

नार्नियातील एडमंड मिठाईच्या लोभाने आपल्या भावंडांचा विश्वासघात करतो. चेटकिणीचा दावा असा की कायद्याप्रमाणे विश्वासघातकी तिचा आहे. आणि सिंह अस्लान त्याच्या जागी स्वतःचा प्राण देतो. हे कशाचे प्रतिबिंब आहे ते सांगावयास नको. या कथेवर एक टीका नेहमी होते की रूपक फार उघडे आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. तरी एक बारकावा पाहावा. नाताळबाबा इतर तिघांना भेटी देतो, तेव्हा एडमंड तेथे नसतो. त्याला काहीच मिळत नाही. पण पुढे चार सिंहासनांपैकी एक त्याचे असते. ज्याला भेट मिळाली नाही त्यालाही आसन राखून ठेवलेले आहे, हे लुइस उपदेश न करता सांगतात, आणि तेथे ते खरे कथाकार ठरतात.

आता सर्वांत कठीण पुस्तकाकडे येतो. फिलिप पुलमन यांचे ‘नॉर्दर्न लाइट्स’ (१९९५) हे ख्रिस्तसभेला उद्देशूनच लिहिलेले आहे. त्यातील ‘मॅजिस्टेरियम’ ही जुलमी धर्मसत्ता मुलांवर क्रूर प्रयोग चालवू देते. हे पुस्तक आपल्या घरात नसावे, असे अनेकांना वाटते. माझे मत असे की ते मोठ्यांबरोबर वाचावे. पुलमन यांच्या जगात प्रत्येकाचा आत्मा प्राण्याच्या रूपाने त्याच्या सोबत चालतो, आणि मुलाला त्याच्या आत्म्यापासून कापून वेगळे करणे हे त्या जगातले सर्वांत घोर पाप आहे. बालकाच्या आत्म्याची अशी चाड ज्या पुस्तकाला आहे, त्याच्याशी आपले भांडण असू शकते, वैर असू नये. धर्माच्या नावाने मुलांना इजा झाल्याच्या घटना आपल्या काळात उघड झाल्या आहेत. अशा वेळी हा आरोप कानांवर पडूच नये असे म्हणणे शोभत नाही. २००४ साली कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी या मालिकेवरील नाटकाची वाखाणणी करून धर्मशिक्षणाच्या वर्गात तिची चर्चा व्हावी असे सुचवले होते. कलाकृती म्हणून मात्र या पहिल्या खंडात एक उणीव आहे. तो पुरा होत नाही. एका मुलाच्या मृत्यूवर आणि आकाशात उघडलेल्या वाटेवर तो थांबतो, आणि वाचकाला पुढचा खंड घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आपल्या कहाण्या आटपाट नगरात सुरू होतात आणि एका बैठकीत सुफळ संपूर्ण होतात. ऐकणारा उठतो तेव्हा तृप्त असतो. मालिकेच्या पहिल्या पुस्तकाने आपल्यापुरते पूर्ण असावे आणि तरीही पुढचे दार किलकिले ठेवावे, हे या कसबाचे अवघड अंग आहे. गेडची कथा पूर्ण आहे, नार्नियाची पूर्ण आहे, हॅरीची पुष्कळशी पूर्ण आहे. मुलाला भूक लावणे वेगळे आणि त्याला व्यसन लावणे वेगळे.

ख्रिस्तसभेत या पुस्तकांविषयी एकमत नाही, हे वाचकांना ठाऊक असावे. २००३ साली कार्डिनल रात्सिंगर यांनी गाब्रिएले कुबी या जर्मन लेखिकेला लिहिलेल्या खासगी पत्रात हॅरी पॉटरमधील सूक्ष्म मोहाविषयी त्यांनी सावध केल्याबद्दल समाधान व्यक्त केले. त्याच वर्षी व्हॅटिकनमधील एका पत्रकार परिषदेत फादर पीटर फ्लीटवुड यांनी ही पुस्तके मुलांना चांगल्या-वाईटाचा भेद समजण्यास साहाय्य करतात, असे मत मांडले. २००८ साली ‘ऑस्सेर्व्हातोरे रोमानो’ या वृत्तपत्राने बाजूचा आणि विरुद्ध, असे दोन्ही लेख छापले. श्रद्धेच्या सिद्धांताचा हा विषय नाही. विवेकाचा आहे, आणि विवेक वाचल्यावाचून करता येत नाही.

या सगळ्यावर आपल्याच इतिहासात एक उत्तर आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक नवदीक्षित श्रोता आपली अडचण मांडतो: जुनी पुराणे आमच्याकडून सुटली, पण त्यांच्या जागी वाचावयास काही मिळाले नाही. स्टीफन्स यांनी त्याला उपदेशाची चार वाक्ये ऐकवली नाहीत. त्यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले, मराठी भाषेची थोरवी गाऊन रचले, आणि ते १६१६ साली छापले गेले. त्याचा मराठी मुद्रणाच्या इतिहासातला मान मोठा आहेच. परंतु मला त्यातला धर्मगुरूचा व्यवहार अधिक मोलाचा वाटतो. ज्याच्या हातातून गोष्ट काढून घ्यायची, त्याच्या हातात दुसरी आणि अधिक चांगली गोष्ट द्यावी लागते. रिकामा हात फार काळ रिकामा राहत नाही. त्यात आज मोबाइल येऊन बसतो.

म्हणून आईबापांना माझे सांगणे एवढेच. बंदी घालण्यापूर्वी पहिले पुस्तक वाचा. इंग्रजी जड वाटत असेल, तर मुलाला मोठ्याने वाचून मराठीत सांगायला लावा. त्याचेही मराठी सुधारेल. मग ते तीन प्रश्न जेवणाच्या वेळी सहज विचारा. मूल जे उत्तर देईल, त्यात पुस्तकाची परीक्षा होईल आणि आपल्या घरातील संस्कारांचीही. आणि आपल्यातील जे कोणी मराठीत लिहितात, त्यांना एक विनंती. कोर्लईच्या किल्ल्याखाली आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारी आपली माणसे राहतात. कुंडलिकेच्या मुखापासून रोह्याच्या डोंगरांपर्यंत समुद्र, खाडी, किल्ले आणि वाड्या आहेत. कपाटामागे बर्फ पडू शकते, तर खाडीवरच्या धुक्यामागे काय असू शकेल? ते पहिले पुस्तक अजून कोणी लिहिलेले नाही. आपली मुले ते वाचण्यास तयार आहेत.